ताल रक्तात नसतो : ब्रॉंक्सच्या पोरांनी पहिले टर्नटेबल कसे निवडले



आमच्या वस्तीतल्या वाचनालयात दर रविवारी अभ्यासवर्ग भरतो. गेल्या काही महिन्यांपासून तिथे रॅप लिहिणारी चार-पाच मुलेमुली येतात. परवा त्यांनी विचारले, "आम्हाला स्क्रॅचिंग शिकायचंय. घरातल्या जुन्या रेकॉर्डमधून सॅम्पल काढायचेत. पहिलं टर्नटेबल कोणतं घ्यायचं?" त्यांच्यातल्या एकाने घाई करून सुटकेससारखा दिसणारा एक स्वस्त रेकॉर्ड प्लेअर आधीच आणला होता. त्यावर हात ठेवून रेकॉर्ड मागेपुढे केली की आवाज रेंगाळायचा आणि सुई उडायची. आठ दिवसांत ते यंत्र कोपऱ्यात पडले. पैसे वर्गणीचे होते, म्हणून पोरगा ओशाळला होता.

तेवढ्यात एक वडीलधारे कार्यकर्ते प्रेमाने म्हणाले, "अरे, एवढं काय शिकायचं त्यात? ताल तर आपल्या लोकांच्या रक्तातच आहे."

वर्गातले सगळे हसले. आम्ही मात्र अस्वस्थ झालो, कारण हेच वाक्य अमेरिकेतल्या काळ्या माणसांबद्दलही शेकडो वेळा बोलले गेले आहे. ऐकायला ते कौतुकाचे वाटते, पण त्याचा अर्थ असा होतो की या माणसांनी डोके चालवले नाही, अभ्यास केला नाही, यंत्र उघडून पाहिले नाही. जन्मतःच त्यांना सगळे मिळाले. जन्माने कौशल्य मिळते, हा सिद्धांत आपल्याला नवा आहे का? याच सिद्धांतावर आपल्या आजोबा-पणजोबांना गावकुसाबाहेर ठेवले गेले.

म्हणून मुलांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही इतिहासातून द्यायचे ठरवले. स्क्रॅचिंग आणि सॅम्पलिंग जिथे जन्मले त्या न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या पोरांनी आपले टर्नटेबल कसे निवडले? आमची मांडणी सरळ आहे: ती निवड म्हणजे अभ्यास होता. पंधरा-सोळा वर्षांच्या गरीब मुलांनी यंत्राची केलेली पद्धतशीर चिकित्सा होती. ज्याला आज जग 'हिपहॉप' म्हणते, त्याचा पाया या चिकित्सेत आहे.

जळणारी वस्ती

आधी जागा समजून घेऊ. मॅनहॅटनच्या उत्तरेला, हार्लेम नदीच्या पलीकडे ब्रॉंक्स आहे. १९४८ पासून रॉबर्ट मोझेस या सत्ताधारी नियोजनकाराने या भागाच्या मधोमध 'क्रॉस ब्रॉंक्स एक्स्प्रेसवे' हा महामार्ग कापत नेला. एकट्या ईस्ट ट्रिमाँट भागात सुमारे १,५०० कुटुंबे त्यासाठी उठवली गेली. ज्यांच्याकडे पैसा आणि गोरा रंग होता ते उपनगरांत गेले. मागे राहिले ते काळे, पोर्तो रिकन आणि कॅरिबियन बेटांवरून आलेले कष्टकरी. बँकांनी या वस्त्यांना कर्ज नाकारले. घरांच्या किमती पडल्या. मग अनेक घरमालकांनी विम्याच्या पैशासाठी आपल्याच इमारती पेटवायला लावल्या आणि त्याच काळात शहराने इथली अग्निशमन केंद्रे कमी केली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्रॉंक्समधल्या सात जनगणना विभागांतल्या ९७ टक्क्यांहून जास्त इमारती आगीत किंवा ओस पडून गेल्या.

१९७० मध्ये अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार मोयनिहान यांनी वंशाच्या प्रश्नाकडे काही काळ 'सौम्य दुर्लक्ष' करावे, असा सल्ला एका टिपणात दिला होता. दुर्लक्ष कितीही सौम्य म्हटले तरी ज्याचे घर जळते त्याला ते सौम्य वाटत नाही.

अशा वस्तीत वाद्ये कुठून येणार? क्लबमध्ये जायला पैसे नव्हते, आणि तिथे मुलांना प्रवेशही नव्हता. घरात होते ते आईबापांच्या रेकॉर्ड आणि रेकॉर्ड प्लेअर.

बहिणीची पार्टी, भावाचे यंत्र

११ ऑगस्ट १९७३. पत्ता १५२० सेजविक अव्हेन्यू. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. तिने इमारतीतला मनोरंजन कक्ष भाड्याने घेतला, हाताने लिहिलेली निमंत्रणे वाटली आणि प्रवेश ठेवला मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. संगीत लावायला तिचा १८ वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. हिपहॉपचा वाढदिवस म्हणून आज जग हीच तारीख साजरी करते आणि पोस्टरवर नाव असते हर्कचे. आयोजन सिंडीचे होते, हे आपण तरी विसरू नये.

हर्कचा जन्म जमैकातला, किंग्स्टनचा. १९६७ मध्ये तो ब्रॉंक्सला आला. जमैकात रस्त्यावर भल्यामोठ्या ध्वनिक्षेपकांची 'साउंड सिस्टिम' लावून नाचण्याची परंपरा त्याने लहानपणी पाहिली होती. त्याचे वडील एका स्थानिक बँडची ध्वनिव्यवस्था पाहात आणि त्यासाठी त्यांनी शूर कंपनीचा संच घेतला होता. त्यातून हवा तेवढा आवाज निघत नव्हता. हर्कने तारांची जोडणी बदलून पाहिली आणि आवाज वाढवून दाखवला. जळणाऱ्या वस्तीतल्या एका कॉलेजच्या वयाच्या मुलाने हे केले. याला आपण तंत्रज्ञान म्हणणार की 'रक्तातला ताल'?

हर्कने आणखी एक निरीक्षण केले. गाण्यात जिथे गायन थांबते आणि फक्त ढोल-ताशांचा तुकडा, म्हणजे 'ब्रेक' येतो, तिथे नाचणारे सर्वाधिक पेटतात. पण तो तुकडा काही सेकंदांत संपतो. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे न्यायची. या पद्धतीला त्याने 'मेरी-गो-राउंड' म्हटले. काही सेकंदांचा ठेका आता हवा तितका लांबवता येऊ लागला.

पट्टा की थेट मोटर?

इथे आपल्या मुलांचा मूळ प्रश्न येतो.

रेकॉर्ड ज्यावर ठेवतात ती फिरती थाळी दोन मुख्य प्रकारांनी फिरवता येते. पहिला प्रकार पट्ट्याचा. मोटर एका बाजूला आणि रबरी पट्टा थाळीला फिरवतो. मोटरची थरथर सुईपर्यंत पोहोचत नाही, म्हणून घरी बसून ऐकणाऱ्याला हा प्रकार चांगला. पण तुम्ही रेकॉर्ड धरली, मागे ओढली, की पट्टा घसरतो, ताणतो आणि सोडल्यावर थाळीला मूळ वेग पकडायला वेळ लागतो. आमच्या पोराच्या सुटकेस-प्लेअरचे नेमके हेच झाले.

दुसरा प्रकार थेट मोटरचा. मोटरचा दांडा सरळ थाळीच्या मध्याखाली असतो, मध्ये पट्टा नाही. जपानच्या मात्सुशिता कंपनीतले अभियंते शुइची ओबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पहिले टर्नटेबल बनवले. 'टेक्निक्स' या नावाने एसपी-१० हे मॉडेल १९७० मध्ये बाजारात आले. १९७१ मध्ये एसएल-११०० आले आणि १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये एसएल-१२००. हर्कच्या सुरुवातीच्या संचात एसएल-११०० होते, असे सांगितले जाते.

या यंत्रांचा ग्राहक कोण होता? रेडिओ केंद्रे, आणि घरात शांतपणे उत्तम आवाज ऐकणारा सधन श्रोता. ब्रॉंक्सची पोरे कंपनीच्या कुठल्याही आराखड्यात नव्हती. पण ज्या गुणांसाठी कंपनीने थेट मोटर बनवली, म्हणजे चटकन सुरू होणे आणि वेग न ढळणे, तेच गुण या पोरांना एका वेगळ्याच कामासाठी हवे होते.

दुकानातली परीक्षा

हे सर्वांत नीट ओळखले ते जोसेफ सॅडलर या मुलाने. जग त्याला ग्रँडमास्टर फ्लॅश म्हणून ओळखते. जन्म १९५८, बार्बाडोस. वाढला ब्रॉंक्समध्ये. तो लहानपणी घरातली विजेची उपकरणे उघडून पाहायचा आणि त्याबद्दल मार खायचा. पुढे सॅम्युअल गॉम्पर्स या व्यावसायिक शाळेत तो इलेक्ट्रॉनिक्स शिकला. टाकून दिलेल्या गाड्यांतले, कचऱ्यात पडलेले ध्वनिक्षेपक आणि सुटे भाग गोळा करून त्याने आपला संच बांधला.

हर्कचे वादन त्याने ऐकले आणि त्यात एक उणीव पकडली. एका रेकॉर्डवरून दुसरीवर जाताना ठेका तुटत होता, कारण सुई अंदाजाने टाकली जात होती. फ्लॅशने प्रश्नांची फोड केली.

पहिला प्रश्न, यंत्राचा. थाळी थांबलेल्या अवस्थेतून पूर्ण वेगाला किती लवकर पोहोचते? तांत्रिक भाषेत याला 'टॉर्क', म्हणजे फिरवण्याचा जोर म्हणतात. फ्लॅशने टर्नटेबलांची तुलना या कसोटीवर केली. दिसायला कोणते सुंदर आणि नाव कोणाचे मोठे, हे त्याच्या कसोटीत नव्हते.

दुसरा प्रश्न, घर्षणाचा. थाळीवर कंपनीकडून रबराची चकती येत असे. रेकॉर्ड धरली की रबर तिला चिकटून थाळीही अडवते. फ्लॅशची आई शिवणकाम करायची, त्यामुळे कापडांची जात त्याला माहीत होती. त्याने फेल्टचे कापड घेतले, रेकॉर्डच्या आकारात कापले, खळ लावून इस्त्रीने कडक केले. आता वर रेकॉर्ड हाताने धरली तरी खाली थाळी फिरतच राहायची. हात सोडला की रेकॉर्ड लगेच वेगात. डिस्कोमधला फ्रान्सिस ग्रासो हा डीजे आधीपासून रेकॉर्ड धरून ठेवून सोडण्याची युक्ती वापरत होता, हेही इथे नोंदवले पाहिजे. फ्लॅशने आपल्या गरजेची चकती आपल्या हाताने बनवली. आज तिला 'स्लिपमॅट' म्हणतात आणि ती दुकानात विकत मिळते.

तिसरा प्रश्न, जागा सापडण्याचा. त्याने ब्रेक जिथे सुरू होतो तिथे रेकॉर्डवर खडूसारख्या क्रेयॉनने खूण केली. मग घड्याळाच्या काट्यासारखी ती खूण पाहात किती फेरे मागे फिरवायचे ते मोजले. याला त्याने 'क्लॉक थिअरी' नाव दिले.

चौथा प्रश्न, ऐकण्याचा. लोकांना पहिली रेकॉर्ड ऐकू येत असताना आपल्याला दुसरी कानात कशी ऐकता येईल? त्यासाठी त्याने मिक्सरवर एक साधा दोन बाजूंचा स्विच चिकटवून हेडफोनची जोडणी केली.

यंत्र, घर्षण, मापन, श्रवण. चार प्रश्न वेगळे काढले, प्रत्येकाचे उत्तर प्रयोगाने शोधले. आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा संशोधनपद्धतीच्या तासाला यापेक्षा वेगळे काही शिकवले नव्हते.

त्या वेळी रेकॉर्डच्या पृष्ठभागाला बोट लावणे म्हणजे मोठा गुन्हा मानला जाई. रेकॉर्ड कडेने धरायची, हा शिष्टाचार होता. इतर डीजेंनी फ्लॅशला नावे ठेवली. पहिल्यांदा लोकांसमोर त्याने हे कौशल्य दाखवले तेव्हा लोक नाचलेच नाहीत, नुसते उभे राहून पाहात बसले. घरी येऊन आपण रडलो, असे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. तरीही त्याने पद्धत सोडली नाही. लोकांना बांधून ठेवायला सोबत शब्द हवेत, हे त्याने ओळखले आणि माइकवर बोलणाऱ्यांना जागा दिली. रॅपचा एक मोठा प्रवाह इथून वाहू लागला. शिवायचे नाही म्हणून सांगितलेल्या वस्तूला हात लावून तिची उपयुक्तता बदलणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

दारात आई उभी राहिली तेव्हा

स्क्रॅचिंगचा शोध थिओडोर लिव्हिंगस्टन या मुलाच्या नावावर आहे. त्याला ग्रँड विझार्ड थिओडोर म्हणतात. साल १९७५ च्या सुमाराचे, वय १२-१३. त्याचा मोठा भाऊ फ्लॅशचा जोडीदार होता, त्यामुळे घरात संच होता आणि थिओडोर त्यावरच शिकला. तो सांगतो ती हकीकत अशी: आवाज फार मोठा होता म्हणून आई दारात येऊन ओरडली. त्याने रेकॉर्ड हाताने धरून ठेवली आणि आईचे ऐकताना हात नकळत मागेपुढे झाला. हेडफोनमध्ये एक नवाच आवाज आला.

आवाज अपघाताने आला, हे खरे. पण पुढचे काय? त्याने तो आवाज पुन्हा काढून पाहिला, वेगवेगळ्या रेकॉर्डवर पाहिला, ठेक्यात बसवला, काही महिने सराव केला आणि मगच लोकांसमोर नेला. लहान मुलाचा हात रेकॉर्डवर घसरण्याचा प्रसंग त्याआधी जगभर किती घरांत घडला असेल! त्या मुलांना बहुधा 'रेकॉर्ड खराब करू नको' म्हणून दटावले गेले असेल. थिओडोरने त्यातले वाद्य ओळखले.

लुटीची कथा आणि तारखा

एक मत असेही मांडले जाते की १३ जुलै १९७७ च्या रात्री न्यूयॉर्कची वीज गेली, दुकाने फुटली, पोरांनी टर्नटेबल आणि मिक्सर पळवले आणि त्यातून हिपहॉप जन्मले. त्या रात्री १,६०० हून अधिक दुकानांचे नुकसान झाले, आणि त्यानंतर डीजे एकदम वाढले, असे त्या काळातल्या काही डीजेंनी स्वतःच हसत सांगितले आहे. आम्ही ते झाकणार नाही.

पण तारखा पाहा. हर्कची पार्टी १९७३ ची. फ्लॅशची पद्धत १९७५ च्या सुमारास तयार. थिओडोरचा स्क्रॅचही त्याच सुमाराचा. वीज गेली ती त्यानंतर. त्या रात्री कोणी यंत्र उचलले असेल तर त्याला कोणते उचलायचे हे माहीत होते आणि घरी नेऊन त्याचे काय करायचे हेही माहीत होते. हे ज्ञान कोणत्या दुकानातून लुटून आणले होते? गरिबाच्या घरात यंत्र दिसले की चोरीची कथा आधी सांगायची आणि विद्येची कथा सांगायचीच नाही, ही प्रस्थापितांची जुनी खोड आहे.

दुसरीकडे श्रेय यंत्र बनवणाऱ्याला देऊन मोकळे होणारेही आहेत. टेक्निक्सने १९७९ मध्ये एसएल-१२०० एमके२ हे सुधारित मॉडेल आणले. त्यात वेग कमीजास्त करायची सरकपट्टी आली, उणे ८ ते अधिक ८ टक्के. सुरुवातीचा टॉर्क १.५ किलो-सेंटिमीटर, आणि थांबलेल्या अवस्थेतून पूर्ण वेग ०.७ सेकंदात. वजन सुमारे १२ किलो, त्यामुळे मोठ्या ध्वनिक्षेपकांच्या हादऱ्याने सुई उडत नाही. हे उत्तम अभियांत्रिकीचे काम आहे आणि त्या अभियंत्यांना मान दिलाच पाहिजे. हे मॉडेल पुढची तीन दशके टिकले, २०१० मध्ये उत्पादन थांबले आणि २०१६ मध्ये टेक्निक्सने एसएल-१२०० पुन्हा सुरू केले. पण रेकॉर्ड प्लेअर वाद्य असू शकतो, हा शोध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला नव्हता. १९८३ मध्ये हर्बी हँकॉकच्या 'रॉकिट' या रचनेत डीएसटी या डीजेचे स्क्रॅचिंग जगाने ऐकले, तोपर्यंत ब्रॉंक्समध्ये या वाद्याचे शिक्षण आठ-दहा वर्षे चालू होते. बागेत, रस्त्याच्या दिव्याच्या खांबातून वीज घेऊन, कोणत्याही प्रमाणपत्राशिवाय.

सॅम्पल कोणाचे?

आता प्रश्नाचा दुसरा भाग, सॅम्पलिंग. इथे इतिहास आपल्याला थोडा टोचतो आणि तो टोचू द्यावा.

१९८७ मध्ये ई-म्यू कंपनीचे एसपी-१२०० हे सॅम्पलर आले. त्यात सगळे मिळून साधारण १० सेकंदांचाच आवाज साठवता येत असे. तेव्हा पोरांनी ३३ च्या वेगाची रेकॉर्ड ४५ च्या वेगाने वाजवून आत घेतली आणि यंत्रात पुन्हा हळू केली. तेवढ्याच जागेत जास्त आवाज मावला. त्यातून जो खरखरीत पोत आला तो त्या काळच्या हिपहॉपची ओळख झाला. पुन्हा तेच: अभाव होता, आणि त्यावर डोके लढवले.

पण ज्याचा आवाज आत घेतला त्याचे काय? १९६९ मध्ये 'द विन्स्टन्स' या बँडने 'आमेन, ब्रदर' ही रेकॉर्ड केली. तिच्यात ग्रेगरी कोलमन या काळ्या ढोलवादकाचा सहा-सात सेकंदांचा एक तुकडा आहे. तो 'आमेन ब्रेक' पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. ब्रिटनमधला जंगल आणि ड्रम अँड बेस हा संगीतप्रकारच त्यावर उभा आहे. कोलमनला त्याचा एक पैसा मिळाला नाही. २००६ मध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो बेघर होता. बँडचा प्रमुख आणि हक्कधारक रिचर्ड स्पेन्सर यांनाही काही मिळाले नव्हते. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या दोघांनी लोकवर्गणी काढून त्यांना सुमारे २४ हजार पौंड दिले. जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर' मधला ठेका वाजवणाऱ्या क्लाइड स्टबलफिल्डचीही हीच गत. गीताचा रचनाकार म्हणून त्याचे नाव नव्हते, म्हणून हक्क नाही.

कायदा आला, पण कोणासाठी? १९९१ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला. परवानगीशिवाय सॅम्पल घेणे म्हणजे चोरी, असे ठरले. त्यानंतर परवानगीचे पैसे भरू शकणाऱ्या बड्या कंपन्याच निर्धास्त राहिल्या. आणि ते पैसेही जातात हक्कधारकाकडे. कागदावर सही करणारा 'रचनाकार', हाताने वाजवणारा नुसता 'कामगार'. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिसंहार' या विषयाच्या लेखनात मांडले. कोलमनची कहाणी वाचताना आम्हाला तेच आठवले. ढोल वाजवणाऱ्याचे श्रम वेगळे काढून त्याला खालच्या पायरीवर बसवायचे आणि वर म्हणायचे, ताल तर यांच्या रक्तातच असतो! रक्तातून येणाऱ्या गोष्टीची मजुरी कोण देतो? 'रक्तात आहे' या कौतुकाचा हिशेब शेवटी इथे येऊन लागतो.

आपल्याकडून एक प्रामाणिक कबुलीही हवी. हर्क आपल्या रेकॉर्डवरची नावे पाण्यात भिजवून काढून टाकायचा, म्हणजे स्पर्धकांना गाणे कळू नये. वडिलांनी सांगितलेली आणि जमैकाच्या साउंड सिस्टिमवाल्यांची ही जुनी युक्ती. स्पर्धा समजू शकते. पण नाव पुसण्याची सवय आपल्या बाजूने लागली, तर तिचा फायदा पुढे दुसरेच घेतात.

तर मग कोणते घ्यायचे?

१९७२ मध्ये मुंबईत तरुणांनी दलित पँथर उभारली, तेव्हा नाव अमेरिकेच्या ब्लॅक पँथरकडून घेतले. घेतले ते उघडपणे, कुठून घेतले हे सांगून. तसेच आपण ब्रॉंक्सकडून टर्नटेबलचा अभ्यासही उघडपणे घेऊ.

आपल्याकडे जयंतीच्या मिरवणुकीतल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला 'डीजे' म्हणतात. इथे आपण बोलतोय ते हाताने वाजवायच्या यंत्राबद्दल. ते घेताना पुढच्या गोष्टी पाहा.

स्क्रॅचिंगसाठी थेट मोटरचेच घ्या. पट्ट्याचे नको, कितीही देखणे असो. टॉर्क एमके२ च्या आसपास, म्हणजे १.५ किलो-सेंटिमीटर किंवा वर असावा. यंत्र जड असावे. सुईच्या दांड्याला मागे फिरवून वजन ठरवता येईल असे वजन असावे. सुई गोलाकार टोकाची घ्या. ती मागेपुढे करताना खाचेत टिकते आणि रेकॉर्ड कमी झिजते. रबराची चकती काढून स्लिपमॅट टाका.

जुने यंत्र घेत असाल तर दुकानात फ्लॅशसारखी परीक्षा घ्या. चालू करून थाळी किती लवकर वेग घेते ते पाहा. रेकॉर्ड हाताने धरा, खाली थाळी फिरत राहते का पाहा. थाळीच्या कडेवर ठिपके असतील तर दिव्याच्या प्रकाशात ते स्थिर दिसले पाहिजेत. सरकताना दिसले तर वेग ढळतो आहे. सुईचा दांडा बोटाने हलवून त्यात खिळखिळेपणा नाही ना ते तपासा. विकणारा यातले काही करू देत नसेल तर परत या.

दोन टर्नटेबल लगेच लागत नाहीत. स्क्रॅच शिकायला एक टर्नटेबल आणि एक मिक्सर पुरतो. पण मिक्सरची आवाज जोडणारी-तोडणारी सरकपट्टी, म्हणजे क्रॉसफेडर, हलकी आणि तत्पर हवी. सगळे पैसे टर्नटेबलवर घालवून मिक्सर भंगार घेतला तर निम्मे वाद्यच घरी आले, असे समजा.

फक्त सॅम्पलच काढायचे असतील तर गणित बदलते. तिथे जोर लागत नाही. वेग अचूक हवा आणि आवाज स्वच्छ हवा. पट्ट्याचे चांगले यंत्र चालेल. मात्र जड सुईचे सुटकेस-प्लेअर नको, ते रेकॉर्ड किसते. आजोबांच्या ट्रंकेत ७८ च्या वेगाची जुनी तबकडी निघाली, तर यंत्राला तो वेग आहे का पाहा आणि तिच्यासाठी वेगळी रुंद सुई लावा. साध्या सुईने ती वाजवू नका. ती तबकडी एकदा बिघडली तर तो आवाज पुन्हा मिळणार नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी कोणत्याही दुकानदाराच्या यादीत नसते. थिओडोर शिकला तो भावाच्या संचावर. ब्रॉंक्समध्ये एका संचावर अख्खा गट शिकायचा. म्हणून आम्ही वाचनालयात ठरवले आहे की टर्नटेबल एकाचे नाही, वाचनालयाचे येईल. पुन्हा वर्गणी निघेल, पावती फाटेल. मुलींच्या सरावाची वेळ आधी ठरेल, कारण सिंडीला आम्ही विसरणार नाही. यंत्राशेजारी एक वही असेल. ज्या रेकॉर्डचा, ज्या कॅसेटचा तुकडा घेतला तिचे नाव, गायकाचे नाव, आणि शोधून सापडेल तर ढोलकी, हलगी वाजवणाऱ्याचेही नाव त्यात लिहायचे. हयात असेल तर घरी जाऊन विचारायचे. उद्या त्या गाण्याचे चार पैसे आले तर वही उघडून वाटायचे.

पुढच्या रविवारी ते सुटकेस-प्लेअर आणलेला पोरगा वर्गात बोलणार आहे. विषय त्यानेच निवडला: 'पट्टा का घसरतो?' यंत्र उघडून दाखवणार आहे. ज्या कार्यकर्त्यांनी रक्ताची गोष्ट काढली, त्यांना आम्ही पहिल्या रांगेत बसायचे निमंत्रण दिले आहे, आणि त्यांनी ते आनंदाने स्वीकारले आहे.

जय भीम!